घरी रिबन ट्वीटर करायचा आहे: फॉइल, मॅग्नेट, ट्रान्सफॉर्मर यांबद्दल सल्ला हवा (बजेट ४,००० रु.)

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. वडिलांनी १९८९ साली सुताराकडून सागवानी खोकी करून घेऊन स्पीकर जोडले होते. सहा इंची कागदी कोनचे वूफर (खालच्या सुरांचे स्पीकर) अजून ठणठणीत आहेत, पण दोन्ही ट्वीटर (वरच्या, बारीक सुरांचे छोटे स्पीकर) गेले. सध्या तसंच ऐकतोय. तानपुऱ्याची जवारी घोंगडीआडून आल्यासारखी वाटते आणि सारंगीचा गज तारेवर घासतो तो खरखरीतपणा तर येतच नाही.

बाजारचा ट्वीटर बसवला की काम होईल, हे कळतं. पण रिबन ट्वीटर (मॅग्नेटच्या मध्ये टांगलेली पातळ फॉइलची पट्टी हलून आवाज देते तो) स्वतः करून बघायची फार वर्षांची इच्छा आहे. मुलगी आठवीत आहे, तिलाही यात घ्यायचंय. जोडीचे मिळून ४,००० रुपये. घरी ड्रिल, करवत, सोल्डरिंग गन आहे, लेथ नाही. फॉइल कुठली वापरावी, मॅग्नेट कसे आणि किती, ट्रान्सफॉर्मर लागतोच का? राहायला सांगलीत, महिन्यातून एकदा पुण्याला फेरी असते.

न्यूजर्सीकर
करू नका. मी तीन वर्षांपूर्वी तयार रिबनची जोडी घेतली, साधारण साडेतीनशे डॉलरला. आजवर एकदाही उघडायची वेळ आली नाही. झांजेचा आवाज असा सुटा येतो की बास! इकडून कोणी येणार असेल तर त्यांच्याबरोबर मागवा.

कृष्णाकाठ
धन्यवाद, पण बजेट ४,००० आहे आणि करून बघणं हाच उद्देश आहे.

बे_एके_बे
दादा, एकच गोष्ट सांगतो, ट्रान्सफॉर्मरशिवाय ॲम्पला लावू नका. मी लावला होता. रिबन म्हणजे नुसती ॲल्युमिनियमची पट्टी, ॲम्पला ती शॉर्टच दिसते. दोन्ही आउटपुट ट्रान्झिस्टर गेले आणि जळका वास दोन दिवस घरात होता. मग ४ ओहमचा सिरॅमिक रेझिस्टर सिरीजमध्ये टाकला. ॲम्प वाचला, पण आवाज कान लावला तरच यायचा. शेवटी सिल्क डोमचे (रेशमी कापडी घुमटाचे) तयार ट्वीटर घेतले, १,१०० ला जोडी. तुम्हीही तेच घ्या.

सूरपेटी
फॉइल जितकी पातळ तितका आवाज मोकळा. मिठाईवरचा चांदीचा वर्ख वापरून बघा. चांदी ॲल्युमिनियमपेक्षा चांगली वाहक आहे. माझ्या डोक्यात ही कल्पना कधीपासून आहे.

मीटरवाला
सूरपेटी, वर्ख एक मायक्रॉनहूनही पातळ असतो. श्वास लागला तरी फाटतो, टांगणार कसा?

कृष्णाकाठ, आधी आकडे घ्या, बाकीचं त्यातून येतं. स्वयंपाकघरातली फॉइल साधारण ११ मायक्रॉन धरू. ८ मिमी रुंद, १०० मिमी लांब पट्टीचा रोध ०.०३ ओहम येतो. बे_एके_बेंचा ४ ओहमचा रेझिस्टर लावला तर रिबनला पॉवरचा शंभरातला एक हिस्साही मिळत नाही, बाकी सगळी उष्णता. म्हणून ट्रान्सफॉर्मर. त्याच्या दोन बाजूंच्या वेढ्यांच्या गुणोत्तराचा वर्ग करून रिबनच्या रोधाला गुणायचं, ॲम्पला तेवढा रोध दिसतो: १६ ला १ घेतलं तर २५६ गुणिले ०.०३, म्हणजे पावणेआठ ओहमच्या आसपास. ॲम्प खूश.

आता यात सगळे चुकतात ते सांगतो. १६ ला १ आणि ३२ ला २, गुणोत्तर एकच. पण प्रायमरीचे (ॲम्पकडच्या बाजूचे) वेढे दुप्पट केले की इंडक्टन्स (बदलत्या विजेला अडवण्याचा वेढ्यांचा गुण) चौपट होतो. १६ वेढ्यांत तो कमी पडला तर ट्वीटरच्या खालच्या टोकाला ॲम्पवर नको तितका भार येतो. म्हणून ३२ ला २. सेकंडरी (रिबनकडची बाजू) दोन वेढ्यांची, पण तांब्याच्या जाड पट्टीची. आणि ट्रान्सफॉर्मर रिबनच्या पाठीला चिकटून हवा. ०.५ स्क्वेअर एमएमची ३० सेंटिमीटर वायर म्हणजे ०.०१ ओहम, रिबनच्या एक तृतीयांश. इथे फुकट घालवलेलं परत मिळत नाही.

तपकीर_गल्ली
टोरॉइड कोअर (ट्रान्सफॉर्मरचा कड्यासारखा गोल गाभा, ज्यावर वेढे घालतात) पुण्यात तपकीर गल्लीत मिळेल, नाहीतर रविवारी जुन्या बाजारात जुन्या १२ व्होल्टच्या हॅलोजन दिव्यांचे ट्रान्सफॉर्मर बघा. वायंडिंग सोडून कोअर वापरायची.

गिरगावचा
पुण्यात शोधत बसण्यापेक्षा लॅमिंग्टन रोडला या. एका गल्लीत जे मिळतं ते पुण्यात चार दिवस फिरून मिळणार नाही.

तपकीर_गल्ली
वीस वर्षं घेतोय पुण्यात, आजवर अडलं नाही. मुंबईचं भाडं धरलं तर त्यात आणखी दोन कोअर येतात.

गिरगावचा
भाड्याचं सोडा, व्हरायटीचं बोला.

दर्यावर्दी
मी रत्नागिरीचा. दोन जोड्या केल्यात, चालू आहेत. मॅग्नेटबद्दल लिहितो, कारण रक्त तिथेच निघतं. ५० × १० × ५ मिमीचे निओडायमियम घ्या, १० मिमीच्या जाडीतून चुंबकीकरण केलेले, प्रत्येक बाजूला दोन-दोन. एका पट्टीवर टोकाला टोक लावून ठेवताना ते एकमेकांना ढकलतात, आणि समोरासमोरच्या पट्ट्या एकमेकींना ओढतात. मी दुसरी पट्टी हाताने आणत होतो, शेवटच्या दोन सेंटिमीटरला सुटली. डाव्या अंगठ्याचं नख काळं पडलं आणि एका मॅग्नेटचा कोपरा उडाला. ते काचेसारखे ठिसूळ असतात. तेव्हापासून आधी मध्ये लाकडी पाचर, मग पट्टी कडेने सरकवत आणायची, आणि पाचर शेवटी काढायची. मुलीला हे काम देऊ नका.

मागे एमएसची (साध्या पोलादाची) पट्टी हवीच, नाहीतर चुंबकीय क्षेत्र इकडेतिकडे पसरतं. पण स्क्रू पितळी. लोखंडी स्क्रू ड्रायव्हरच्या टोकावरून उडून रिबनमधून आरपार जातो, माझा गेलाय.

समोरासमोरच्या मॅग्नेटमधली गॅप ९ मिमी, रिबन ८ मिमी. प्रत्येक बाजूला अर्धा मिमी. जास्त ठेवलात तर आवाज पडतो, कमी ठेवलात तर रिबन घासते आणि भाजी चिरल्यासारखा आवाज येतो.

कानसेन_५५
पन्नाशीनंतर १२ किलोहर्ट्झच्या वर फारसं ऐकू येत नाही. मग हा खटाटोप कशासाठी? मी स्वतः कान तपासून घेतलेत.

सूरपेटी
वरचं ऐकू येण्याचा प्रश्न नाही हो. ५-६ किलोहर्ट्झलाच फरक कळतो. ८ मिमी × १०० मिमीची ती पट्टी जेमतेम २५ मिलिग्रॅमची भरते. हलकी वस्तू लवकर हलते, लवकर थांबते.

कानसेन_५५
डोमही थांबतोच की.

बे_एके_बे
+१. सिल्क डोम घ्या.

दर्यावर्दी
कोकणातल्यांसाठी आणखी एक. ॲल्युमिनियमला साधं सोल्डर लागत नाही, टोकं दोन तांब्याच्या पट्ट्यांत दाबूनच धरावी लागतात. माझ्या पहिल्या जोडीचा आवाज दुसऱ्या पावसाळ्यात खाली गेला. उघडलं तर क्लॅम्पपाशी पांढरी भुकटी. आता तांब्याला कल्हई करून घेतो (भांड्यांचा कल्हईवाला अजून येतो आमच्याकडे), फॉइलचं टोक पेन्सिलच्या खोडरबराने घासतो आणि मग दाबतो. दोन वर्षं झाली, काही नाही.

न्यूजर्सीकर
तयार घेतला असता तर ही कटकटच नव्हती.

मीटरवाला
क्रॉसओव्हर (खालचे सूर वूफरला, वरचे ट्वीटरला वाटून देणारं सर्किट) राहिला. ४ किलोहर्ट्झच्या खालचं काही ट्वीटरला जाऊ देऊ नका; क्रॉसओव्हर तीव्र उताराचा, म्हणजे खालचे सूर झपाट्याने कापणारा हवा, १८ डीबी प्रति ऑक्टेव्ह तरी. खालचा सूर गेला की पट्टी ताणली जाते आणि लोंबते, मग बदलायचीच. फॉइलबद्दल माझं मत: जुन्या मोठ्या फॉइल कॅपॅसिटरमधली ५-६ मायक्रॉनची काढा. स्वयंपाकघरातली निम्मी संवेदनशीलता खाते. आणि ते जुने तेलाचे कॅपॅसिटर अजिबात फोडू नका, त्यातलं तेल विषारी असू शकतं.

जुनं_ते
रिबनची कल्पना १९२४ सालची आहे, जर्मनीत शॉटकी आणि गेर्लाख यांची. मायक्रोफोन आणि स्पीकर, दोन्ही त्यातूनच. शंभर वर्षांपूर्वीच्या लोकांनी निओडायमियमशिवाय केलं होतं. फेराइटने होतं, फक्त मोठे घ्यावे लागतात.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे आभार. मीटरवाला, गणित पहिल्यांदा नीट कळलं. दर्यावर्दी, पितळी स्क्रू आजच आणले.

कॅपॅसिटरची फॉइल मात्र घेत नाहीये, क्षमा असावी. एक जुना कॅपॅसिटर उघडून बघितला. कागद सोडवताना हात जवळ गेला तरी फॉइल चुरगळते. स्वयंपाकघरातली वापरतोय. आवाज थोडा कमी येईल, चालेल. पण दहा पट्ट्या फाटल्या तरी अकरावी लगेच कापता येते आणि कापणारी तेरा वर्षांची आहे. जोडीही एकदम करत नाही, आधी एकच.

पट्टी लवचीक राहावी म्हणून तिला नागमोडी घड्या घालायला आईचं शेवयांचं यंत्र काढलं होतं, पण त्याचे दाते फार मोठे. मुलीने जुन्या प्रिंटरमधली दोन प्लॅस्टिकची दातेरी चाकं काढली आणि फळीवर दोन खिळ्यांत बसवली. पट्टी मधून फिरवली की कडेला बारीक कुरकुर होत एकसारख्या घड्या पडतात. सातवी पट्टी न फाटता निघाली. ती वहीत ठेवलीय, पंखा बंद करूनच वही उघडायची असा तिचा नियम आहे.

मॅग्नेट मागवलेत, १,६०० ला आठ. चार या ट्वीटरला, चार दुसऱ्यासाठी. कोअर रविवारी पुण्यात बघतो. सांगली-मिरजेत कोणाकडे एलसीआर मीटर (इंडक्टन्स मोजणारा) आहे का? वेढे घातल्यावर एकदा मोजून घ्यायचेत.

गिरगावचा
रविवारी लॅमिंग्टन रोड बंद असतो, नाहीतर म्हटलं असतं या.

सूरपेटी
मिरजेत तंतुवाद्यवाल्यांच्या गल्लीशेजारी रेडिओ दुरुस्तीचं एक दुकान आहे, तिथे मीटर होता. विचारून सांगतो. प्रिंटर कुठला होता हो? दात्यांचं माप हवंय.