मदत हवी आहे: पुण्यात गहू अजिबात न चालणाऱ्या मुलीला जेवायला कुठे न्यावं?
लेकीला (वय ९) सिलिअ‍ॅक हा गहू खाल्ल्याने आतड्याला इजा होणारा आजार आहे, डाएटचा प्रकार नाही, गव्हाचा कणसुद्धा चालत नाही. शनिवारी संध्याकाळी ६ जण, शाकाहारी, कोथरूड-डेक्कन भागात, सोबत आजी-आजोबा त्यामुळे जिने नकोत. मागच्या महिन्यात डोसा सेफ म्हणून एका ठिकाणी गेलो तर त्याच तव्यावर रवा डोसा, वर सांबारात डबीतला हिंग, ज्यात बऱ्याचदा मैदा नाहीतर कणीक असते, रात्रभर पोट धरून बसली बिचारी. ज्वारीच्या भाकरीचं विचारलं तर थापताना गव्हाचं पीठ लावतात म्हणाले. फोन केला की सगळे 'मैदा नाही हो' एवढंच सांगतात. वेगळ्या परातीत, वेगळ्या तव्यावर भाकरी आणि बिनहिंगाची आमटी-भाजी करून देणारं, तुम्ही स्वतः जेवून आलेलं ठिकाण आहे का कुठलं?