60 कोटींच्या फौंड्रीला पूर्णवेळ सीएफओ (मुख्य वित्त अधिकारी): पगार किती आणि कोणत्या रूपात द्यावा?

प्रश्न (शिरोली, कोल्हापूर)

नमस्कार. शिरोली औद्योगिक वसाहतीत आमची कास्टिंगची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. वार्षिक उलाढाल सुमारे 60 कोटी असून करोत्तर नफा सव्वादोन कोटींच्या आसपास राहतो, आणि बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा वर्षभर जवळजवळ पूर्ण वापरलेली असते. वडिलांच्या काळापासून हिशेब सांभाळणारे आमचे ज्येष्ठ लेखापाल अत्यंत विश्वासू आहेत. जीएसटी, टीडीएस आणि पगारपत्रक यांत त्यांचा हात धरणारा कोणी नाही. मात्र दुसरी भट्टी आणि मशीन शॉप उभारण्याचे ठरल्यापासून पुढील तीन वर्षांचा रोख प्रवाह, प्रत्येक भागाचा उत्पादनखर्च, कोणत्या ग्राहकाकडून किती नफा मिळतो, असे जे प्रश्न बँक विचारते, त्यांची उत्तरे आमच्यापाशी तयार नसतात.

पुण्यात वाहनभाग उद्योगात काम केलेले एक अनुभवी सीए आमच्याकडे येण्यास तयार आहेत. त्यांची अपेक्षा वार्षिक 42 लाख सीटीसी (कंपनीला पडणारा एकूण पगारखर्च) आणि 1 टक्का समभागांची आहे. लेखापालांना आम्ही दरमहा 75 हजार देतो आणि आम्ही दोघे भाऊ संचालक म्हणून प्रत्येकी दरमहा अडीच लाख घेतो, म्हणजे येणाऱ्या गृहस्थांचा पगार आमच्याहूनही जास्त होईल. धाकट्या भावाचे म्हणणे असे, की 24 लाख निश्चित ठेवावेत आणि उरलेले नफ्याच्या टक्केवारीने द्यावेत. हे योग्य होईल का? आणि आमच्यासारख्या कंपनीला सीएफओ नेमणे कायद्याने बंधनकारक आहे का?

उत्तर 1 (पुणे, उत्पादन कंपनीत वित्तप्रमुख)

बंधनकारक नाही. कंपनी कायदा 2013 च्या कलम 203 नुसार सूचिबद्ध कंपन्यांना आणि 10 कोटी किंवा त्याहून अधिक भरणा झालेले भांडवल असलेल्या पब्लिक कंपन्यांना पूर्णवेळ सीएफओ लागतो. प्रायव्हेट कंपनीला नाही. पुढेमागे एनएसई इमर्ज किंवा बीएसई एसएमई या शेअर बाजारातील छोट्या कंपन्यांच्या मंचावर जाण्याचा विचार असेल, तर मात्र तेव्हा हे पद भरावेच लागेल.

मालकापेक्षा पगार जास्त होतो, हा मुद्दा जवळजवळ प्रत्येक कौटुंबिक कंपनीत निघतो, आणि माझ्या मते तो चुकीच्या तुलनेवर उभा आहे. संचालकाचा पगार हा मालकाच्या प्राप्तीचा एक भाग झाला. नफा, वाढलेले कंपनीमूल्य आणि बऱ्याच ठिकाणी शेडचे भाडेही मालकाकडेच जाते. बाहेरून येणाऱ्या माणसाला यातले काहीच मिळत नाही, त्यामुळे त्याचा पगार बाजारभावाशीच ताडून पाहावा लागतो.

रक्कम ठरवण्याआधी एक प्रश्न मात्र स्वतःला जरूर विचारा, तो अधिकाराचा. बँकेशी बोलणी कोण करणार, ठराविक रकमेपुढील खरेदीला मंजुरी कोण देणार, ग्राहकाची उधारी मुदत वाढवण्यास नाही म्हणण्याचा हक्क कोणाला असणार, हे लिहून दिलेले नसेल तर आपण 42 लाखांत एक महागडा लेखापाल ठेवाल, आणि चांगला माणूस वर्षभरात निघून जाईल.

‘आपले हिशेब तपासणारे सीए हेही काम करतील’ असा सल्लाही आपल्याला मिळेल. तो मानू नका. कलम 144 नुसार वैधानिक लेखापरीक्षकाला त्याच कंपनीचे हिशेब लिहिणे, अंतर्गत लेखापरीक्षण किंवा व्यवस्थापन सेवा ही कामे करता येत नाहीत.

उत्तर 2 (सांगली, बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त)

आपल्या धाकट्या बंधूंच्या सूचनेबद्दल मला मनापासून सावध करावेसे वाटते. विक्री अधिकाऱ्याला विक्रीवर टक्केवारी देता येते, कारण ती विक्री मोजणारा दुसरा कोणी असतो. सीएफओच्या बाबतीत नफा मोजण्याचे काम त्याच्याकडेच असते. ज्याच्या हाती तराजू, त्यालाच वजनावर मजुरी द्यावी असा हा प्रकार आहे. यासाठी माणूस अप्रामाणिकच असला पाहिजे असे मुळीच नाही. फौंड्रीचेच पाहा: अंगणात पडलेले रनर-रायझर (ओतकामातून उरलेले धातूचे तुकडे) आणि परत वितळवायचा नाकारलेला माल कोणत्या दराने धरायचा, अपूर्ण मालात वीज किती मिसळायची, भट्टीच्या अस्तराचा खर्च या वर्षी टाकायचा की पुढे न्यायचा, वर्षापूर्वीचे येणे बुडीत मानायचे की नाही, या प्रत्येक ठिकाणी प्रामाणिक माणसालाही दोन उत्तरे देता येतात. त्यांतले कोणते उत्तर निवडल्याने त्याच्या घरी चार लाख जास्त जातात, हे त्याला ठाऊक असू नये.

म्हणून मोबदल्याचा मोठा भाग, माझ्या मते 80 ते 85 टक्के, निश्चित असावा, आणि उरलेला अशा गोष्टींवर ठेवावा ज्यांचा पुरावा बाहेरच्या कागदावर मिळतो. आपल्याकडे सर्वांत मोठी संधी येण्यांत दिसते. 60 कोटींच्या उलाढालीत एका दिवसाची विक्री सुमारे 16.4 लाख होते. वसुलीचे सरासरी दिवस (बिल केल्यापासून पैसे येईपर्यंतचे) 95 असतील आणि ते 75 वर आले, तर जवळपास 3.3 कोटी रुपये मोकळे होतात, आणि 10 टक्के व्याजदर धरला तरी वर्षाला 33 लाखांचे व्याज वाचते. हा आकडा मागितलेल्या पगाराशेजारी ठेवून पाहा.

हे दिवस केवळ तगादा लावून कमी होत नाहीत. पिग आयर्न आणि स्क्रॅपचे भाव बदलल्यावर ग्राहक दरवाढीचे पत्र देतो, परंतु मागील मालाची पुरवणी बिले आपल्याच कार्यालयात महिनोन्महिने बनत नाहीत. नाकारलेल्या मालापोटी ग्राहकाने पाठवलेल्या डेबिट नोटा (रक्कम कापल्याची पत्रे) कोणी ताडून पाहत नाही, आणि त्या वादापायी संपूर्ण बिल अडून राहते. ट्रेड्स या ऑनलाइन मंचावर बिले वटवता (मुदतीआधी पैसे घेता) येतात का, हेही पाहिले जात नाही. आपण सरकारच्या उद्यम नोंदणीत लघुउद्योग म्हणून नोंदलेले असाल, तर खरेदीदाराने 45 दिवसांत पैसे न दिल्यास प्रत्यक्ष देईपर्यंत त्याला तो खर्च करातून वजा मिळत नाही. हा मुद्दा ग्राहकासमोर न दुखवता मांडणारा माणूस हवा, आणि ते सीएफओचेच काम आहे.

दोन काळज्या घ्या. वसुलीचे दिवस 31 मार्चच्या आकड्यावरून मोजू नका, बारा महिनाअखेरींची सरासरी धरा. नाहीतर मार्चमध्ये ओढाताण करून आकडा सुंदर दिसतो आणि एप्रिलमध्ये सगळे पूर्ववत होते. दुसरे, केवळ खात्यातील रोख शिल्लक हे माप ठेवू नका, कारण पुरवठादारांचे पैसे अडवूनही ती वाढते. छोट्या पॅटर्नवाल्याचे (साच्याचे नमुने बनवणाऱ्याचे) किंवा मशीनिंगवाल्याचे पैसे अडवून दिलेला बोनस आपल्याला व्याजाने आणि करानेही महाग पडेल, आणि ते न्याय्यही नाही.

उत्तर 3 (नाशिक, उद्योजक)

आमची उलाढाल आपल्या निम्मी असताना आम्ही आठवड्यातून दोन दिवस येणारे सीएफओ नेमले होते, दरमहा सव्वा लाख शुल्कावर. अशा शुल्कावर 10 टक्के टीडीएस कापावा लागतो आणि सल्लागार नोंदणीकृत असतील तर 18 टक्के जीएसटी लागतो, ज्याचे क्रेडिट सर्वसाधारणपणे मिळते. मासिक अहवालांची घडी बसवण्यासाठी ही व्यवस्था उत्तम ठरली. मात्र आपल्याकडे भट्टीची खरेदी, मुदत कर्ज आणि बांधकाम एकाच वेळी चालणार आहे. अशा काळात रोज निर्णय घ्यावे लागतात, म्हणून मी पूर्णवेळ माणसाच्या बाजूने आहे.

उत्तर 4 (ठाणे, कंपनी सचिव)

समभागांविषयी थोडक्यात लिहितो. पहिल्याच दिवशी 1 टक्का समभाग देऊ नका. इसॉप योजना (कर्मचाऱ्याला पुढे ठरल्या किमतीत समभाग घेण्याचा हक्क) केल्यास देकार आणि हक्क परिपक्व होणे यांत किमान एक वर्षाचे अंतर कायद्यानेच आवश्यक आहे. व्यवहारात चार वर्षांत टप्प्याटप्प्याने देण्याची पद्धत रूढ आहे. असूचिबद्ध कंपनीत खरी अडचण पुढे येते: समभाग घेताना बाजारमूल्य आणि दिलेली किंमत यांतील फरकावर कर्मचाऱ्याला पगाराप्रमाणे कर भरावा लागतो, परंतु ते विकत घेणारा कोणी नसतो. म्हणून बऱ्याच कौटुंबिक कंपन्यांना फॅन्टम स्टॉक सोयीचा वाटतो, ज्यात समभाग न देता कंपनीच्या वाढलेल्या मूल्याचा ठरलेला हिस्सा रोख देण्याचा करार होतो. मूल्य कोणत्या सूत्राने काढायचे आणि नोकरी सोडल्यास काय होईल, हे त्या करारात स्पष्ट असावे, आणि ते सूत्र सीएफओने नव्हे, बाहेरच्या मूल्यांककाने लावावे.

सीटीसीची रचना करताना हेही पाहा, की नव्या वेतन संहितेनुसार वेतनातून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. ग्रॅच्युइटीची तरतूद त्यानुसार करावी लागेल.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आम्ही दोघा भावांनी चर्चा करून 34 लाख निश्चित आणि 6 लाख बदलता भाग असा प्रस्ताव ठरवला आहे. बदलत्या भागापैकी निम्मा वसुलीच्या दिवसांच्या बारा महिनाअखेरींच्या सरासरीवर, उरलेला दर महिन्याच्या 10 तारखेपर्यंत मासिक हिशेब पूर्ण होण्यावर आणि पुरवणी बिले वेळेत निघण्यावर राहील. समभागांऐवजी दुसऱ्या वर्षापासून फॅन्टम स्टॉक देऊ. आता चिंता उरली ती आमच्या लेखापालांची; ते मनाला लावून घेतील असे वाटते.

उत्तर 1 (पुणे)

नेमणुकीची बातमी त्यांना बाहेरून कळू देऊ नका. आपण दोघांनी त्यांच्यापाशी बसून सांगा, आणि उमेदवाराची अंतिम भेट त्यांच्या उपस्थितीत घ्या. त्यांचा पगारही याच वेळी वाढवा. पुरवणी बिलांचे काम प्रत्यक्षात त्यांच्याच टेबलावर होणार आहे, तेव्हा त्या बोनसमध्ये त्यांचा आणि त्यांच्या विभागाचा वाटा लेखी ठेवा.

उत्तर 2 (सांगली)

प्रस्ताव समतोल वाटतो. सीएफओ रुजू होण्यापूर्वीच्या बारा महिनाअखेरींची ग्राहकवार येणी यादी मुदतीनुसार काढून लेखापरीक्षकांकडून तपासून घ्या आणि तिची स्वाक्षरी केलेली प्रत नेमणूकपत्राला जोडा. सुरुवातीचा आकडा दोन्ही बाजूंनी मान्य केलेला नसेल, तर पहिल्याच वर्षअखेरीस त्यावरून वाद होतो.