जाहिरातीच्या पगारावर पोसलेली चित्रकला: रुडी फॉन लायडन यांचे ऋण किती मानावे?

पूर्वरंग (चर्चाप्रस्ताव; सर्व सहभागींची नावे टोपणनावे आहेत)

मुंबईतील आधुनिक चित्रकलेची हकीकत सांगताना सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे ही सहा नावे आपण एका दमात घेतो; परंतु १९४७ साली स्थापन झालेल्या त्यांच्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपसाठी ज्यांनी लेखणी झिजवली आणि पदरचे पैसे मोजले, त्यांच्यापैकी एक गृहस्थ दिवसभर जाहिरातीच्या धंद्यात होते, हे सहसा कोणी सांगत नाही. रुडॉल्फ फॉन लायडन यांचा जन्म १९०८ मध्ये बर्लिनला झाला. भूगर्भशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेला हा माणूस, जर्मनीत नाझी सत्तेवर आले त्याच वर्षी, म्हणजे १९३३ मध्ये, मुंबईत असलेल्या भावाकडे आला. येथे त्यांनी कमर्शियल आर्टचा स्टुडिओ काढला, पुढे ते टाइम्स ऑफ इंडियाच्या जाहिरात विभागात गेले आणि त्यानंतर फोलकार्ट ब्रदर्समध्ये, जिच्यातून पुढे व्होल्टास निघाली त्या कंपनीत, प्रसिद्धीचे काम पाहू लागले. हे सारे सांभाळून ते स्वतः चित्रे काढत, ‘डेन्ली’ या नावाने राजकीय व्यंगचित्रे करत, वर्तमानपत्रात कलासमीक्षा लिहीत आणि तरुण चित्रकारांची चित्रे विकत घेत.

माझे म्हणणे असे आहे की हे कलाजीवन जाहिरातीच्या नोकरीमुळेच उभे राहू शकले. ज्या काळात जहांगीर आर्ट गॅलरी उघडलेली नव्हती (ती १९५२ ची) आणि चित्र विकत घेणारा मध्यमवर्ग जवळपास नव्हताच, त्या काळात ज्याची चूल चित्रांवर पेटत नाही असाच समीक्षक मोकळेपणाने लिहू शकत होता. बोलारममध्ये जन्मलेला, लहान वयात मुंबईला येऊन घरगडी म्हणून राबलेला आणि लोकांच्या मोटारी धुणारा आरा हा चित्रकार आहे, हे लायडन यांना दिसले. कलाशाळेचा शिक्का नसलेल्या माणसाकडे एरवी किती समीक्षक वळून पाहतात?

तिरकी रेघ

आपल्या प्रस्तावातील माहितीशी माझा वाद नाही. तिच्यातून आपण काढलेला निष्कर्ष मात्र मला पटत नाही. एकाच माणसाने चित्र विकत घ्यायचे, त्याच चित्रकारावर शहरातील सर्वांत वजनदार दैनिकात लिहायचे आणि त्याच दैनिकाच्या जाहिरात विभागातही वावरायचे, ही व्यवस्था आजच्या एखाद्या समीक्षकाची असती तर आपण तिला ‘मोकळेपणा’ म्हटले असते का? त्यातच भर अशी की व्हिएन्नाहून आलेले वाल्टर लँगहॅमर हे त्याच वृत्तपत्राचे कलासंचालक होते आणि त्यांच्या घरच्या बैठकांना हेच तरुण चित्रकार जात. चित्रे घेणारे इमॅन्युएल श्लेसिंगर हेही याच वर्तुळातले. चांगले कशाला म्हणायचे हे जेव्हा एकमेकांच्या घरी चहा पिणारी तीन-चार माणसे ठरवतात, तेव्हा त्या निवडीला गुणग्राहकता म्हणण्याआधी मी दहा वेळा विचार करीन. जे. जे. कलाशाळेच्या परंपरेत मान खाली घालून व्यक्तिचित्रे आणि निसर्गचित्रे करणाऱ्या आपल्या मराठी चित्रकारांना ‘जुने’ ठरवून बाजूला सारण्यात या वर्तुळाच्या अभिरुचीचा वाटा नव्हता, असे आपण छातीवर हात ठेवून म्हणू शकाल का?

पूर्वरंग

वाटा होता, हे मी नाकारत नाही. परंतु हितसंबंधांचा आरोप करताना हितसंबंध कशात होता ते सांगावे लागेल. रझा तेव्हा एक्सप्रेस ब्लॉक स्टुडिओत नोकरी करत होते, हुसेन यांनी सिनेमाची होर्डिंगे रंगवली आणि लाकडी खेळणीही केली होती. अशांची चित्रे घेऊन उद्या भाव येईल असा हिशेब १९४८ साली कोणी मांडला असेल, तर त्या माणसाला शेअर बाजारात पाठवायला हवे होते.

ब्रोमाइड

मी जाहिरात संस्थेच्या स्टुडिओत बरीच वर्षे काढली आहेत, त्यामुळे मला या चर्चेत एक गोष्ट खटकते. जाहिरातीत काम करून समांतर कलाजीवन जगणे वगैरे आपण म्हणतो, तेव्हा जाहिरातीत नेमके कोणत्या खुर्चीवर बसून, हे कोणी विचारत नाही. स्टुडिओत आमचे काम म्हणजे टाइपसेटिंगचे ब्रोमाइड, म्हणजे मजकूर उमटवलेला फोटोकागद, ब्लेडने कापायचे, मागे रबर सोल्युशन लावून बोर्डावर ओळ सरळ येईल असे चिकटवायचे, वर बटरपेपर लावून त्यावर रंगांच्या सूचना लिहायच्या, आणि संध्याकाळी सातला क्लायंटने किंमत बदलली की तो एक आकडा सुईच्या टोकाने उचलून दुसरा बसवायचा. शेवटची लोकल गाठणाऱ्या त्या हातांमध्ये जे. जे.तून उत्तम रंगचित्रण शिकून आलेले हात कितीतरी होते, आणि रविवारी कॅनव्हाससमोर उभे राहण्याचे त्राण त्यांच्यापैकी थोड्यांनाच उरत असे. संध्याकाळ हाताशी असणे हा हुद्द्याचा लाभ आहे. प्रसिद्धीप्रमुखाला ती मिळते, म्हणून तो आश्रयदाता होतो. पेस्टिंग करणाऱ्याला ती मिळत नाही, म्हणून तो निवृत्त होतो. लायडन यांच्याविषयी मला आदर आहे, पण त्यांच्या उदाहरणावरून नोकरी कलेला पोसते असा नियम काढू नये.

मांडवीकाठ

या वादात आपण सारे इंग्रजी मुंबईतच का घुटमळत आहोत? गोव्यात जन्मलेल्या दीनानाथ दलालांकडे पाहा. कमर्शियल आर्टिस्ट म्हणून त्यांनी स्वतःचा स्टुडिओ चालवला, पुस्तकांची मुखपृष्ठे आणि कॅलेंडरे केली, आणि १९४५ पासून ‘दीपावली’ काढून मराठी लेखकांच्या मजकुराला देखणे पान दिले. व्यवसाय, चित्रकला आणि आश्रय यांच्यामध्ये त्यांनी भिंत घातली नाही. त्यांची कला घराघरांत भिंतीवर आणि दिवाळी अंकात पोचली. तरीही आधुनिक कलेच्या इतिहासात त्यांना ‘बोधचित्रकार’ म्हणून एका ओळीत उरकले जाते. श्री. तिरकी रेघ म्हणतात तो अभिरुचीचा पक्षपात मला येथे सर्वांत स्पष्ट दिसतो. जाहिरातीच्या पैशातून घेतलेले चित्र उच्च, आणि जाहिरातवाल्या हाताने काढलेले चित्र मात्र बाजारू, ही वाटणी कोणी केली?

तिरकी रेघ

अगदी बरोबर. आणि जाहिरातवाला आश्रयदाता झाल्यावर काय घडू शकते याचे टोक पाहायचे असेल तर लंडनला जावे. चार्ल्स साची यांनी भावासोबत १९७० मध्ये जाहिरात संस्था काढली, १९७९ च्या निवडणुकीत हुजूर पक्षाची गाजलेली मोहीम त्याच संस्थेची, आणि १९८५ मध्ये त्यांनी बाउंड्री रोडवर स्वतःच्या संग्रहाची गॅलरी उघडली. इटलीच्या सांद्रो किया यांची चित्रे त्यांनी मोठ्या संख्येने घेतली आणि नंतर एकदम विकून टाकली, त्याचा त्या चित्रकाराच्या नावावर व्हायचा तो परिणाम झालाच. डेमियन हर्स्ट यांच्या १९९१ च्या, काचेच्या टाकीत ठेवलेल्या मृत शार्कच्या कलाकृतीमागेही साचींचाच पैसा होता. माल बाजारात कसा आणायचा आणि कधी काढून घ्यायचा, ही विद्या ज्याच्या अंगात मुरली आहे, तो गॅलरीत शिरताना ती दाराबाहेर ठेवून येत नाही.

पूर्वरंग

साचींचे उदाहरण लायडन यांना लागू करणे म्हणजे सावकाराच्या वहीवरून पतपेढीवर खटला भरण्यासारखे आहे. लायडन यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध पाहा: त्यांनी गंजिफा जमवल्या आणि त्यांचा अभ्यास केला. आपल्या सावंतवाडीत लाखकामाच्या कारागिरांनी जिवंत ठेवलेले ते गोल, हाताने रंगवलेले पत्ते, ज्यांच्यावर दशावतार येतात आणि ज्यांचा डाव मांडणारी माणसे आता हाताच्या बोटांवर मोजावी लागतील. १९८२ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात भारतीय गंजिफांचे जे प्रदर्शन झाले, त्याच्यामागे त्यांचाच अभ्यास होता. पुढच्याच वर्षी ते व्हिएन्नात वारले. मिळकतीचा विचार करणारा माणूस पत्त्यांच्या मागे लागत नाही.

‘ब्रोमाइड’ यांचा मुद्दा मात्र मला खोडता येत नाही, आणि त्याला जोडून एक गोष्ट मीच मांडतो. लायडन यांचे लेखन लक्षात राहिले, संग्रह लक्षात राहिला, रझांवर त्यांनी १९५९ मध्ये लिहिलेले पुस्तकही अभ्यासक उघडतात. त्यांची स्वतःची चित्रे मात्र कोणी पाहायला मागत नाही.

ब्रोमाइड

त्याचे कारण सरळ आहे. चित्र सबंध दिवस मागते. ठाण्याचे सुधीर पटवर्धन क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून व्यवसाय करत असतानाही मोठे चित्रकार होतेच, पण २००५ मध्ये त्यांनीही तो व्यवसाय सोडला.

मांडवीकाठ

आणि तोवरची तीसेक वर्षे ते दोन्ही करत होते, त्यांची कित्येक महत्त्वाची चित्रे त्याच काळातली आहेत, हे आपण सोयीस्करपणे गाळलेत. लायडन यांची चित्रे मागे पडली ती वेळेअभावी, की मुळात ती तेवढ्या ताकदीची नव्हती म्हणून, हे ती चित्रे एकत्र टांगून पाहिल्याखेरीज आपल्यापैकी कोणीही ठरवू नये.