घरचा ग्रुप, बुधवार, २१ एप्रिल २०२१

छोटू: सहाही इंग्लिश क्लब बाहेर पडले 😂😂 रविवारी रात्री फुटबॉलची सुपर लीग जाहीर, आज पहाटे खेळ खल्लास!

काका (कोल्हापूर): काय हाय ते? सकाळपासनं पोरं तेच बोलायलीत.

छोटू: काका, युनायटेड, लिव्हरपूल, रेआल, बार्सा असे युरोपातले १२ बडे क्लब चॅम्पियन्स लीग (युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा) सोडून स्वतःची लीग काढणार होते. २० संघ, त्यात १५ कायमचे. कितीही हरले तरी जागा पक्की.

काका (कोल्हापूर): हरलं तरी बाहेर जायचं न्हाई? मग बघायचं काय! उद्या आपल्या कोल्हापूरचं पाटाकडील आन् शिवाजी तरुण मंडळ ह्या फुटबॉलच्या टीमा म्हणाल्या आमची जागा कायम, बाकीच्या तालमींनी टाळ्या वाजवा, तर शाहू स्टेडियमवर कोण येईल का?

दादा: येतील काका, भांडायला 😄

ताई: दादा, तुझी आर्सेनल नववी आहे ना? ती बड्यांत कशी?

दादा: ठेव, नेमकं दुखण्यावर बोट ठेव. म्हणूनच तर मालकांना पक्की जागा हवी होती. माफी मागितली म्हणा आर्सेनलने पहाटे.

आत्या: रामनवमीच्या शुभेच्छा 🙏 देवळं बंद आहेत, घरीच सुंठवडा करा.

ताई: 🙏🙏 मी रात्री चेल्सी-ब्रायटन लावली तर मॅच १५ मिनिटं उशिरा. कोविडमुळे स्टेडियम रिकामं आणि बाहेर रस्त्यावर सुपर लीगवर चिडलेल्या चाहत्यांची ही गर्दी! चेल्सीची बस अडवलेली. त्यांचा जुना गोलकीपर पेत्र चेक स्वतः गर्दीत शिरून "वेळ द्या" म्हणून विनवत होता. मॅच ०-०, पण कुणाला पडलीय.

छोटू: पब्लिकने करून दाखवलं 💪

दादा: त्यांच्या पब्लिकने. आपण कशाला कॉलर ताठ करायची? सगळा घाट आपल्यासारख्यांसाठीच घातला होता. संस्थापक क्लबांना मिळून ३.५ अब्ज युरो, ते वसूल होणार टीव्हीवरून. रेआल-लिव्हरपूल वारंवार लावली की पुण्यातला पोरगा रात्री साडेबाराला उठून बघणारच. खरं सांग, बघितली असतीस ना?

छोटू: ...लिव्हरपूल म्हटल्यावर बघितली असती 🙈

ताई: बायर्न आणि डॉर्टमुंड हे जर्मन क्लब त्या लीगमध्ये गेलेच नाहीत. जर्मनीत बहुतेक क्लबांत निम्म्याहून जास्त मतं सभासदांकडे असतात, गुंतवणूकदाराची मनमानी चालत नाही.

काका (कोल्हापूर): तालमीगत की. पेठेला इचारल्याबिगर पान हालत न्हाई. आता किती उरल्यात?

छोटू: सहा.

काका (कोल्हापूर): पाठव हिकडं. ग्राउंड मोकळंच हाय, फकस्त एंट्री फी आगाऊ घ्या.