ओटीपी बापाच्या नंबरवर, मोबाइल पोट्ट्याच्या हातात

ॲप-वेबसाइटनं मुलांची माहिती घेण्याआधी पालकांची संमती कशी घ्यायची, यावर "पालकांच्या नंबरवर ओटीपी गेला की संमती झाली," असं एकानं लिहिलंय. आमच्याकडे ते कसं चालतं ते सांगतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. बहुतेक घरांत स्मार्टफोन एकच, सिम बापाच्या नावावर. बाप वावरात, माय कापूस वेचायला, आणि फोन आठवीतल्या पोट्ट्याकडे. ओटीपी येतो तोही त्याच्याच हातात. परवा एका काकांना विचारलं तर म्हणाले, "मले काय समजते बाप्पा, सारं पोट्टंच पाह्यते."

2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम 9 नुसार 18 वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायला पालकाची पडताळता येईल अशी संमती लागते. (अमेरिकेत ही मर्यादा 13 ची आहे.) 2025 च्या नियमांत पालक सज्ञान आहे हे तपासायला डिजिलॉकर या कागदपत्रं ठेवायच्या सरकारी ॲपच्या टोकनचीही (ओळख आणि वय पटवणाऱ्या डिजिटल खुणेची) सोय आहे. पण इथं बापाचं डिजिलॉकर उघडून देतो कोण? तोच पोट्टा, आधारच्या ओटीपीवर! शिवाय नियमाचा भर समोरचा माणूस सज्ञान आहे का, यावर. तो खरंच बाप आहे की 19 वर्षांचा चुलतभाऊ, हे त्यातून कळेलच असं नाही.

मला त्याच कलमातली दुसरी गोष्ट जास्त कामाची वाटते. मुलांवर पाळत ठेवणं आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवणं, काही सवलती सोडल्या तर, संमती असली तरी बंद. त्याला ओटीपी लागत नाही.