सल्ला हवा: 'मराठी साहित्यातली बाई' या विषयावर वाचनगटासाठी सहा महिन्यांची पुस्तकं

ओवी_सातारा
नमस्कार मंडळी. वाचनालयाचा गट आहे, १२-१४ जण, बायका-पुरुष दोन्ही, वयं पंचविशीपासून सत्तरीपर्यंत. महिन्यातून एकदा दोन तास बसतो. पुढच्या सहा महिन्यांसाठी विषय ठरलाय: मराठी साहित्यात बाई कशी रंगवली आहे आणि बाईची कामं, पुरुषाची कामं कशी वाटून दिली आहेत. पुस्तकं कोणती घ्यावीत, कोणत्या क्रमाने, आणि चर्चा कशी चालवावी? 'सोशिक आई, आदर्श पत्नी, बंडखोर नायिका' असे कप्पे पाडले की अर्ध्या तासात सगळे गप्प होतात. ते टाळायचंय.

जुनी_बांधणी
पहिलं सांगते: कालक्रमाने जाऊ नका. 'यमुनापर्यटन' (१८५७) ही मराठीतली पहिली कादंबरी आणि ती विधवांच्या स्थितीवर आहे, हे खरं. म्हणून सगळेच तिच्यापासून सुरुवात करतात. पण ते गद्य आज जड जातं, पुढच्या महिन्याला माणसं गळतात आणि मग सगळी मालिकाच लंगडी पडते. त्या कादंबरीतली १०-१५ पानं झेरॉक्स काढून मध्येच कधीतरी वाचा, तेवढं पुरे.

माझा क्रम असा:
पहिला महिना: विजय तेंडुलकर, 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७, नाटक)
दुसरा: ताराबाई शिंदे, 'स्त्रीपुरुष तुलना' (१८८२)
तिसरा: ह. ना. आपटे, 'पण लक्षात कोण घेतो?'
चौथा: विभावरी शिरूरकर, 'हिंदोळ्यावर' (१९३४)
पाचवा: बेबी कांबळे, 'जिणं आमुचं'
सहावा: गौरी देशपांडे, 'कारावासातून पत्रे'. 'एकेक पान गळावया' (१९८०) या पुस्तकातल्या तीन दीर्घकथांपैकी ही एक आहे.

पहिली दोन लागोपाठ ठेवण्याला कारण आहे. १८८१ मध्ये सुरतेच्या कोर्टात विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेवर बालहत्येचा खटला चालला. आधी फाशीची शिक्षा झाली, अपिलात ती काळ्या पाण्यावर आली. त्यावरून वर्तमानपत्रांत समस्त बायकांच्या चारित्र्यावर जे लिहून आलं, त्याला बुलढाण्याच्या ताराबाईंनी दिलेलं उत्तर म्हणजे 'स्त्रीपुरुष तुलना'. आणि ८६ वर्षांनी तेंडुलकर नाटकाची नायिका लीला बेणारे हिला खोट्या कोर्टात उभं करतात तेव्हाही आरोप भ्रूणहत्येचाच असतो. दोन्हीकडे बाई पिंजऱ्यात आणि तो पुरुष गैरहजर. नाटकात तर प्रोफेसर दामले रंगमंचावर येतच नाहीत. ही दोन पुस्तकं शेजारी ठेवली की गटाला विषय समजावून सांगावा लागत नाही.

चौथाअंक
नाटकाबद्दल भर घालतो. घरी वाचून येऊ नका म्हणावं, बैठकीतच वाचा. मुख्य भूमिका आठ: बेणारे, सामंत, सुखात्मे, काशीकर, काशीकरबाई, रोकडे, पोंक्षे, कर्णिक. नववा माणूस रंगसूचना वाचेल. रंगसूचना गाळल्या तर नाटक निम्मं हातातून जातं. तीन अंक दोन तासांत बसणार नाहीत. दोन बैठका शक्य नसतील तर पहिला अंक घरी वाचायला द्या, दुसरा-तिसरा मोठ्याने.

थांबायच्या जागा:

सामंतची साक्ष. बेणारेबद्दल त्याला काहीच ठाऊक नाही. हातात जी स्वस्त कादंबरी आहे तिच्यातला प्रसंग तो साक्ष म्हणून ठोकून देतो आणि कोर्ट ती ऐकून घेतं. साहित्यातली बाई खऱ्या बाईच्या विरुद्ध पुरावा म्हणून कशी वापरली जाते, याचं एवढं नेमकं दृश्य मराठीत दुसरं मला माहीत नाही. तुमच्या सहा महिन्यांचा विषय त्या दोन पानांत आहे.

काशीकरबाई. त्या किती वेळा बोलायला तोंड उघडतात आणि नवरा किती वेळा गप्प करतो, एकाने फक्त एवढंच मोजायचं. सुरुवातीला गजऱ्याचं आणि बुशशर्टचं कौतुक चालतं, तेही टिपून ठेवा.

शेवटचं स्वगत. आरोपीला बोलायला दहा सेकंद दिलेले असतात. बाकी सगळे गोठतात, बेणारे कितीतरी वेळ बोलते, आणि मग वेळ संपल्याचं जाहीर होतं. म्हणजे प्रेक्षकांनी ऐकलं, कोर्टातल्या एकानेही नाही. हे स्वगत वाचणारीला आधी आठवडाभर द्या. ऐन वेळी कोणाच्या हाती दिलं तर अडखळत वाचलं जातं आणि सगळा जोर जातो.

आणि शिक्षा ऐकल्यावर एक तारीख सांगा. बेणारेच्या पोटातला गर्भ नष्ट करायचा असा निकाल आहे. गर्भपाताचा कायदा १९७१ चा. म्हणजे १९६७ मध्ये हे कोर्ट जी शिक्षा देतंय ती स्वतःच दंडसंहितेनुसार गुन्हा होती.

ओवी_सातारा
चौथाअंक, हे फार कामाचं आहे. जुनी_बांधणी ताई, एक शंका. 'हिंदोळ्यावर' वाचताना आमच्याकडे हमखास कोणीतरी म्हणणार, 'मग घटस्फोट का घेत नाही?' काय करावं?

जुनी_बांधणी
तारखांचा एक कागद करा आणि सहाही महिने समोर ठेवा. १८५६ विधवाविवाहाचा कायदा. १८९१ संमतिवयाचा कायदा, मुलीचं शरीरसंबंधाच्या संमतीचं वय दहाचं बारा झालं. १९२९ शारदा कायदा, लग्नाचं किमान वय मुलीचं १४ आणि मुलाचं १८. १९४७ मुंबई प्रांतात हिंदूंना घटस्फोट. १९५५ हिंदू विवाह कायदा. १९७१ गर्भपाताचा कायदा. एवढ्या सहा ओळी. 'हिंदोळ्यावर' १९३४ ची, तेव्हा त्या नायिकेला कायद्याने सुटकाच नाही. नवऱ्यापासून वेगळी राहणारी बाई दुसऱ्या पुरुषाबरोबर राहायचं, मूल होऊ द्यायचं ठरवते, याचं वजन हा कागद समोर असल्याशिवाय कळत नाही. मालतीबाई बेडेकरांना 'विभावरी शिरूरकर' हे टोपणनाव का घ्यावं लागलं असेल, तेही मग सांगावं लागत नाही.

'पण लक्षात कोण घेतो?' पूर्ण वाचायला लावू नका, ती फार मोठी आहे. 'करमणूक' पत्रात क्रमशः आलेली, त्यामुळे पसरट आहे. नायिका यमूच्या लहानपणाची प्रकरणं, तिची मैत्रीण दुर्गी हिच्या सासरचा भाग आणि शेवट, इतकं घ्या. पाहायचं ते असं: यमू स्वतःची गोष्ट स्वतः सांगते, पण लिहिणारा पुरुष आहे. शंकरमामंजी तिचं केशवपन करवतात तिथे 'मी'चा आवाज कसा बदलतो ते मोठ्याने वाचून बघा. मग लगेच 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रातली आठ-दहा पानं वाचा. लक्ष्मीबाई टिळक सोवळ्या-ओवळ्याने झालेला छळ सांगतात तेव्हा वाक्यं आखूड होतात आणि मध्येच हसवतात. यमूला तसं हसू फारसं दिलेलं नाही. हा फरक गटाला कानाने ऐकू यायला हवा.

माणदेशी_माती
यादी चांगली आहे, पण एक धोका स्पष्ट सांगायला हवा. केशवपन, सोवळं, बालविधवा हे मुख्यतः ब्राह्मण आणि त्यांचं अनुकरण करणाऱ्या घरांचे प्रश्न. इतर बऱ्याच जातींत पाट लागायचा, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न व्हायचं, आणि काडीमोडही होती. पहिले चार महिने तेच वाचलं तर गटाचा समज होतो की 'मराठी बाई' म्हणजे तीच. म्हणून 'जिणं आमुचं' पाचव्यावर न ठेवता तिसऱ्यावर आणा, यमूच्या आधी.

वाचताना दोन जागा धरून ठेवा. एक, लुगड्याचे काठ. महारवाड्यातल्या बाईने काठ दिसतील असं लुगडं नेसायचं नाही, ते निऱ्यांत दडवायचे. दुसरी, खोडा. माहेरी पळालेल्या सुनेच्या पायात लाकडाचा ओंडका अडकवायचे आणि तशाच अवस्थेत तिने घरातली कामं करायची. पहिला नियम वरच्या जातींचा, दुसरा स्वतःच्या वस्तीतला. बेबीताई दोन्ही सांगतात आणि एकाची ढाल करून दुसरा लपवत नाहीत. चर्चेत लोक यातलं एकच उचलतात. चालवणाऱ्याने दोन्ही पानं वाचून घ्यायचीच.

वेळ उरला तर ऊर्मिला पवारांची 'कवच' ही कथा. आंबे विकणारी आई, बाजारातल्या पुरुषांचे दुहेरी अर्थाचे शब्द, आणि ते ऐकणारा शाळकरी मुलगा. अर्ध्या तासात वाचून होते. मुलगा पुरुष कसा घडतो हे त्यात दिसतं, म्हणून तुमच्या विषयाला ती हवीच.

जुनी_बांधणी
माणदेशी, मान्य. तिसऱ्यावर 'जिणं आमुचं', चौथ्यावर यमू, पाचव्यावर 'हिंदोळ्यावर'. ओवी, तसंच करा.

काठावरचा
पुरुषाची भूमिका पाहायची असेल तर बाईंचीच पुस्तकं कशाला? भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला' (१९६३) कादंबरीतला मनीच्या मृत्यूचा भाग घ्या. नायक पांडुरंगचं दुःख खरं आहे, कादंबरीतली सगळ्यात हळवी पानं तीच. आणि तिथेच तो म्हणतो की तिच्याबरोबर तिचं गर्भाशयही गेलं, एक परंपरा खुंटली. लहान बहिणीच्या मरणात त्याला हे का दिसावं, यावर एक तास सहज जातो. पूर्ण कादंबरीची गरज नाही.

जुनी_बांधणी
हे छान सुचवलंत. सहाव्या महिन्यात जोडता येईल.

आता चर्चा चालवण्याबद्दल. प्रत्येकाला एक तक्ता द्या, पाच रकाने: पान क्रमांक, बोलतंय कोण, ऐकतंय कोण, त्या वेळी हाताने काम कोण करतंय, पैसा कोणाकडे आहे. पूर्ण पुस्तकाचा भरायचा नाही. पहिली ३० पानं, शेवटची ३० आणि मधलं कुठलंही एक प्रकरण. सुरुवातीला बाईची ओळख कशी करून देतात आणि शेवटी तिचं काय करतात, लग्न, मरण की घर सोडणं, हे या दोन टोकांत सापडतं. चौथा रकाना सगळे रिकामा आणतात, कारण स्वयंपाक, पाणी, अंथरुणं ही कामं वाचताना नजरेतून सुटतात. तेव्हा पहिल्या बैठकीत एक पान सगळ्यांनी मिळून भरा.

दोन तासांची वाटणी: ३० मिनिटं मोठ्याने वाचन, २० मिनिटं दोघादोघांनी तक्ते ताडून पाहणं, ६० मिनिटं चर्चा, उरलेली १० पुढच्या पुस्तकाची वाटणी.

सगळ्यात जास्त बिघडतं ते 'तिने असं करायला नको होतं' या वाक्याने. एकदा ते आलं की गटाचंच कोर्ट होतं. नियम करा: पात्राबद्दल काहीही बोलायचं तर आधी पान क्रमांक सांगायचा आणि ते वाक्य वाचायचं. तावातावाने बोलणारे आपोआप पानं उलटायला लागतात.

ओवी_सातारा
तक्ता आजच करते. 'स्त्रीपुरुष तुलना' कोणती आवृत्ती घ्यावी?

चौथाअंक
स. गं. मालशे यांनी संपादित केलेली पाहा. विस्मरणात गेलेलं हे पुस्तक त्यांनीच १९७५ मध्ये पुन्हा पुढे आणलं. प्रस्तावना मात्र चर्चेनंतर वाचा, नाहीतर लोक प्रस्तावनेतलीच वाक्यं बोलतात. मूळ मजकूर प्रताधिकारमुक्त आहे, झेरॉक्स काढायला अडचण नाही. परिच्छेद लांबलचक आहेत, विरामचिन्हं जुन्या वळणाची. वाचणाऱ्याने आधी पेन्सिलीने श्वासाच्या जागा खुणावून ठेवाव्यात. संस्कृत श्लोकात बायकांवर ठेवलेले दोष ताराबाई एकेक करून घेतात आणि पुरुषांच्या पदरात घालतात, तो भाग दोघांनी वाचा: एकाने दोष वाचायचा, दुसरीने उत्तर.