एक्सएसएलटीत बेरजेचं टेम्प्लेट मध्येच मरतंय, मदत हवी आहे (तातडीची)

हळदीचं_पोतं (सांगली)
अडत दुकानाच्या पट्ट्यांची एक्सएमएल फाईल आहे, ती एक्सएसएलटीने (एक्सएमएलचं रूपांतर करणारी भाषा) छापतो. प्रत्येक ओळीत वजन आणि दर. दोन्हींचा गुणाकार करून एकूण रक्कम काढायची. स्वतःलाच बोलावणारं टेम्प्लेट लिहिलंय. लहान फाईलवर पैशाला पैसा जुळतो, मोठीवर बराच वेळ खाऊन मरतं. लॉजिक बरोबर आहे, ते सोडून बोला. सोमवारी हिशेब द्यायचाय.

कंदी_पेढा (सातारा)
मरतं म्हणजे काय होतं? मेसेज काय? एक्सएसएलटी चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे प्रोसेसर कुठला? ओळी किती?

भडंग
पायथनमध्ये करा. चार ओळींचं काम.

हळदीचं_पोतं
छापील पट्टी त्याच स्टाइलशीटमधून निघते, पायथन नको. एक्सएसएलटीप्रॉक वापरतोय. 'पोटेन्शियल इन्फिनिट टेम्प्लेट रिकर्शन' असं काहीतरी येतं, म्हणजे टेम्प्लेट स्वतःला अनंत वेळा बोलावतंय अशी शंका. पण थांबायची अट घातलेली आहे!

कृष्णाकाठ
अनंत नाही हो, खोल आहे. मूळ मर्यादा ३००० पातळ्यांची. मॅक्सडेप्थ २०००० द्या, विषय मिटला.

कंदी_पेढा
मिटत नाही. मर्यादा वाढवली की खालचा सी चा स्टॅक (चालू कॉल लक्षात ठेवायची जागा) भरायची पाळी येते. मग सेगमेंटेशन फॉल्टने प्रोग्रॅमच बंद, नीट मेसेजसुद्धा नाही. शिवाय व्हेरिएबल-पॅरामीटरची १५००० ची मर्यादा वेगळी, तिला मॅक्सव्हार्स. पोतंसाहेब, ओळी किती ते अजून सांगितलं नाहीत. आणि पुढच्या कॉलला नेमकं काय पाठवता?

हळदीचं_पोतं
१२ हजार असतील. पहिली ओळ बाजूला काढतो, 'पोझिशन १ पेक्षा मोठी' अशा उरलेल्या पाठवतो. त्यांची बेरीज व्हेरिएबलमध्ये आली की तीत पहिलीचा गुणाकार मिळवतो.

कंदी_पेढा
मग दोन खड्डे आहेत. पहिला वेळेचा: दर कॉलला उरलेल्या ओळींचा संच नव्याने बांधला जातो. ११,९९९, मग ११,९९८, असं करत जवळपास ७.२ कोटी नोंदी. ओळी दुप्पट झाल्या की काम चौपट. दुसरा खोलीचा: जितक्या ओळी तितक्या पातळ्या.
संच अर्धा-अर्धा तोडा. काउंट भागिले २, त्याचा फ्लोअर म्हणजे मध्य. मध्यापर्यंतच्या एका कॉलला, पुढच्या दुसऱ्या कॉलला, आणि दोन उत्तरांची बेरीज. १२ हजारांना खोली १४ च्या आसपास, प्रत्येक पातळीवर हाताळणी १२ हजारांचीच. थांबायच्या अटी मात्र दोन हव्यात: संच रिकामा तर ०, एकच ओळ तर गुणाकार. एकाची अट विसरलात तर मध्य ० येतो आणि तीच ओळ पुन्हा पुन्हा पाठवली जाते. मग खरंच अनंत. आणि ॲट्रिब्यूटमध्ये 'पेक्षा लहान'चं चिन्ह थेट चालत नाही, एन्टिटी (<) लिहा.

अजिंक्यतारा
इतकी कसरत कशाला? सॅक्सन हा दुसरा प्रोसेसर घ्या. शेपटीचा कॉल (टेम्प्लेटमध्ये अगदी शेवटी येणारा) तो लूपसारखा फिरवतो. एक्सएसएलटी २.० मध्ये तर रिकर्शनच नको: सम च्या आत फॉर, एका ओळीत बेरीज.

कंदी_पेढा
यांचा कॉल शेपटीचा नाही ना. उत्तर परत आल्यावर त्यात मिळवणी आहे. तो फायदा हवा तर आतापर्यंतची बेरीज पॅरामीटरमधून पुढे न्यायची आणि कॉल ही टेम्प्लेटमधली शेवटची गोष्ट ठेवायची.

कृष्णाकाठ
आणि एक्सएसएलटीप्रॉक १.० वालाच. स्टाइलशीटवर २.० लिहिलं म्हणून तो २.० होत नाही. पण ईएक्सएसएलटीच्या एक्स्टेन्शन्स (जादा फंक्शन्स) त्यात आहेत. फॉर-ईचने प्रत्येक गुणाकार एका व्हेरिएबलमध्ये छोटा एलिमेंट म्हणून टाका, नोड-सेट फंक्शनमधून काढून सम लावा. रिकर्शनच नाही. कॉमन नेमस्पेस वर जाहीर करायचा तेवढा विसरू नका.

कंदी_पेढा
हे मान्य. मॅक्सडेप्थपेक्षा हजारपट बरं.

हळदीचं_पोतं
नोड-सेट केलं. डोळ्याची पापणी लवेपर्यंत उत्तर आलं. पण उत्तर 'एनएएन'!!

कृष्णाकाठ
एखाद्या ओळीत दर रिकामा असेल. रिकाम्या मजकुराचा नंबर म्हणजे एनएएन ('हा आकडाच नाही'), आणि असा एक जरी आला तरी अख्खी बेरीज नासते. एनएएन स्वतःशीही बरोबर नसतो, म्हणून 'नंबर(दर) बरोबर नंबर(दर)' ही गाळणी लावा.

कंदी_पेढा
गाळू नका! आधी त्याच अटीला नॉट लावून त्या ओळी छापा आणि डोळ्यांनी बघा. खऱ्या सौद्याची रक्कम गुपचूप गळाली तर सोमवारी अडत्याला काय सांगणार?

हळदीचं_पोतं
छापल्या. ४१ निघाल्या. ३ रिकाम्या, सौदाच झाला नव्हता. बाकी ३८ मध्ये दर '१४,५००' असा, मराठी आकड्यांत आणि स्वल्पविरामासकट.

कंदी_पेढा
बघा, गाळल्या असत्या तर ३८ पट्ट्या गेल्या असत्या. अक्षरं बदलणारं ट्रान्सलेट फंक्शन वापरा: पहिल्या यादीत दहा देवनागरी आकडे आणि शेवटी स्वल्पविराम, दुसरीत फक्त दहा इंग्रजी आकडे. स्वल्पविरामाला जोडीदार नाही म्हणून तो गळतो. क्रम चुकला तर आकडे अदलाबदल होतील, एरर मात्र येणार नाही. वजनालाही लावा.

अजिंक्यतारा
छापताना लाख-कोटीचे स्वल्पविराम १.० च्या फॉरमॅट-नंबरला जमत नाहीत. तो फक्त शेवटच्या गटाची लांबी धरतो, १२,३४,५६७ चं १,२३४,५६७ होतं. सॅक्सनमध्ये जमतं. सांगून ठेवतो.

हळदीचं_पोतं
स्वल्पविराम कुणी मागितलेत? बेरीज जुळली, वहीशी ताडून बघितली. आता व्यापारीवार बेरीज हवी. प्रत्येक ओळीला 'हा व्यापारी आधी आलाय का' म्हणून मागची भावंडं (आधीच्या ओळी) तपासतोय, पुन्हा तेच रडगाणं.

कृष्णाकाठ
ते पुन्हा ओळींच्या वर्गाच्या प्रमाणात वाढणारं काम झालं. व्यापाऱ्याच्या नावावर 'की' (शोधायची किल्ली) बांधा आणि जनरेट-आयडीने प्रत्येक किल्लीची पहिली ओळ ओळखा. मुंकियन पद्धत म्हणतात. नावं आधी नॉर्मलाइज-स्पेसमधून काढा, नाहीतर शेवटी एक स्पेस असलेला तोच माणूस दोनदा येईल.

भडंग
पायथनमध्ये डिक्शनरीने झालं असतं.